पाऊस आला, पेरणीला थोडं थांबा

पाऊस आला, फार बरं झालं. मार्चपासून टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मराठवाड्याला या सरींचं मोल कुणी समजावून सांगायला नको. हवेतला फुफाटा बसला, रात्री डोळा लागू लागला, दावणीची जनावरंही निवांत रवंथ करू लागली. दोन दिवस भजी तळा, पोरांना अंगणात भिजू द्या. तिफण मात्र एवढ्यात बाहेर काढू नका.

काळ्या रानाची तहान एका पावसात भागत नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा आधी पाणी पितात. वरचा थर भिजलेला दिसतो, पण दोन-चार दिवस ऊन पडलं की पुन्हा वाळतो. अशा ओलीवर सोयाबीन टाकलं तर दाणा फुगतो, मोड धरतो आणि मातीतच करपतो. मग दुबार पेरणी, म्हणजे बियाणं, मजुरी सगळं नव्यानं, आणि तेही बहुधा उसनवारीवर. म्हणून तर कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. आपल्या महसूल मंडळात किती पाऊस नोंदला गेला, ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा आणि रानात हातभर उकरून ओल कुठवर गेली ते बघा. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून जीव खालीवर करायचं कारण नाही. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येतं. मूग-उडदाला तेवढी सवड नसते, हे खरं.

तोवर बियाणं तपासा. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. 70 किंवा जास्त उगवले तर खुशाल वापरा. सोयाबीनची पोती मात्र आपटू नका. साल पातळ असतं, मार बसला की उगवण घटते.

आणि छपराचं पाणी धरा. चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 50 चौरस मीटरच्या पत्र्यावर 20 मिलिमीटर पडला तर हजार लिटर. गळती-सांडलवंड सोडली तरी आठशेच्या आसपास हाती लागतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूर काही वाळवंट नव्हे. आभाळ देतं तेही आपण वाहू देतो, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या सरींबरोबर पत्र्यावरची धूळ, पाखरांची घाण येते, ते पाणी सोडून द्या. पुढचं टाकीत घ्या. विहिरीत गढूळ पाणी उतरलं असेल तर ग्रामपंचायतीकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्या, प्यायचं पाणी उकळा.

या दिवसांत विजाही पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर ठेवा. गडगडाट ऐकू आला की औत सोडा, झाडाचा आडोसा धरू नका, थेट पक्क्या घरात या. काम उद्या करता येईल.