मुक्या अवयवाची थकबाकी

२०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. गरिबांना जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसची वाट खुली झाली. चांगलेच झाले. पण आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास यंत्राला जखडलेल्या माणसाची बुडालेली मजुरी कोण भरून देणार?

मूत्रपिंडे कायमची निकामी होण्यामागे प्रामुख्याने मधुमेह आणि उच्च रक्तदाब असतात. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यांत भर घालतात.

बँकेत असताना पाहिले, कर्ज थकण्याची चाहूल खातेदाराच्या चेहऱ्यावर नव्हे, खतावणीत लागते. इथेही तसेच. बरेच नुकसान होईपर्यंत माणूस धडधाकट दिसतो. लघवीत उतरणारी प्रथिने मात्र आधीच इशारा देतात. मधुमेह, रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही साधी तपासणी वर्षातून एकदा झाली, तर कित्येकांवर त्या यंत्रापाशी जाण्याची पाळीच येणार नाही.