भूत दाखवू नका, पण गोष्ट पुरी करा

भुताची गोष्ट सांगणाऱ्याला एक मोठी सवलत असते. प्रत्यक्ष भूत दाखवण्याची सक्ती त्याच्यावर नसते. जिन्यावर पाऊल वाजले, मागच्या दाराची कडी आपोआप निघाली, एवढ्यावर त्याचे काम भागते; उरलेले भूत ऐकणारा आपल्या मनातून पुरवतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून रात्री स्वयंपाकघरात एकटे जायचे टाळणारी मंडळी आपल्याकडे घरोघरी निघतील. त्या कथांना कागद, शाई आणि वाचकाचे मन याखेरीज भांडवल लागले नव्हते. म्हणूनच एखादा भयपट फसला की ‘पैसे कमी पडले हो’ ही सबब मला पटत नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे ‘द डेव्हिल इनसाइड’ हा २०१२ सालचा अमेरिकन भयपट. दिग्दर्शक विल्यम ब्रेंट बेल. खर्च सुमारे १० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात चणेफुटाणे. चित्रपट ‘फाउंड फुटेज’ जातीचा. कोणीतरी हौसेने किंवा कामासाठी केलेले चित्रण पुढे सापडले आणि तेच आपण पाहतो आहोत, असा या जातीचा बहाणा असतो. त्यामुळे नामांकित नट लागत नाहीत, चकचकीत प्रकाशयोजना लागत नाही, कॅमेरा हलला तरी तो दोष न ठरता पुरावा ठरतो. गरिबीलाच गुण करून दाखवणारी ही युक्ती आहे आणि ती मला मनापासून आवडते.

कथेचे बीजही चांगले आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत मारिया रोसी नावाच्या बाईच्या हातून भूत उतरवण्याच्या विधीत तिघांचा खून होतो. तिला रोमच्या मनोरुग्णालयात ठेवले जाते. वीस वर्षांनी तिची मुलगी इझाबेला माहितीपट करणाऱ्या एका तरुणाला घेऊन तिकडे जाते. आईला वेड लागले आहे की खरेच काही झपाटले आहे, हा तिचा प्रश्न. मुलीने आईसाठी विचारलेला हा प्रश्न कोणाच्याही काळजाला हात घालील. मायलेकींच्या भेटीच्या प्रसंगात सुझान क्रॉली या अभिनेत्रीने आईचे काम असे केले आहे, की तेवढ्यापुरता मी खुर्चीत सावरून बसलो.

पण पुढे सगळा घोळ होतो. दोन तरुण पाद्री येतात, तळघरातला विधी होतो, किंकाळ्या वाढत जातात आणि मायलेकींची गोष्ट बाजूला पडते. शेवटी धावत्या मोटारीत झटापट, अपघात, आणि पडदा काळा. मग अक्षरे उमटतात: या प्रकरणाच्या चालू तपासाची अधिक माहिती हवी असल्यास अमुक संकेतस्थळ पाहा! बस्स, संपला चित्रपट. गोष्ट सांगता सांगता आजोबांनी उठून जावे आणि ‘पुढचे शेजारच्या वाड्यात विचारा’ म्हणावे, तशातली गत.

तिकडच्या प्रेक्षकांनी चित्रगृहांतच हुर्यो उडवली. सिनेमास्कोअर नावाची संस्था बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून चित्रपटांना श्रेणी घेते. या चित्रपटाला ‘एफ’, म्हणजे चक्क नापास, अशी श्रेणी मिळाली. पहिल्या शनिवार-रविवारपर्यंत ३ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक गल्ला जमला होता, तो पुढच्याच आठवड्यात पाऊण हिश्शाने घसरला.

कोणी म्हणेल, भयपटाचा शेवट मोकळाच असायचा. मान्य. पण मोकळा शेवट आणि अर्धवट शेवट यांत फरक आहे. १९९९ चा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ पाहा. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी मेरीलँडच्या जंगलात जेमतेम आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रण केले. कॅमेरे नटांच्याच हातात दिले. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही. शेवटी फक्त एक तरुण भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा दिसतो. पण मुले मारणारा माणूस दुसऱ्या मुलाला असेच कोपऱ्यात उभे करी, हे गावकऱ्याने सुरुवातीलाच सांगून ठेवलेले असते. पेरलेले शेवटी उगवते आणि अंगावर काटा येतो. ओरेन पेलीने तर सॅन डिएगोतल्या आपल्याच घरात, १५ हजार डॉलरच्या आसपास खर्चात ‘पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी’ केला. निजायच्या खोलीत एका जागी ठेवलेला कॅमेरा आणि रात्री आपोआप हलणारे दार! दोन्ही चित्रपटांनी प्रेक्षकाच्या मनाला काम दिले. ‘द डेव्हिल इनसाइड’ने आपले काम प्रेक्षकावर ढकलले.

आता यावर व्यवहारी माणूस विचारील, की १० लाख घालून कोट्यवधी मिळाले, मग फसला कोण? हिशेबाच्या वहीपुरते त्याचे बरोबर आहे. पण जो प्रकार ‘हे खरे आहे’ अशा बहाण्यावर उभा असतो, त्याची सगळी पुंजी प्रेक्षकाचा विश्वास हीच असते. हा बहाणा आपण तिकीट काढून, राजीखुशीने मान्य करतो; बदल्यात एवढेच मागतो, की शेवटपर्यंत सोबत करा. एकाने मध्येच हात सोडला, की मागून प्रामाणिकपणे येणाऱ्या दहा जणांकडेही लोक संशयाने पाहतात. या दहा जणांकडे नावाजलेले नट नसतात, जाहिरातीला पैसे नसतात. त्यांना आधार असतो तो याच विश्वासाचा.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. आपल्या घरातली पोरेही सुटीत गच्चीवर किंवा पडक्या वाड्यात भुताचे सिनेमे काढतात, आणि जरूर काढावेत. कॅमेरा हलला तरी चालेल, अंधारात काही दिसले नाही तरी चालेल. फक्त आजीला तो सिनेमा दाखवाल आणि तिने ‘मग पुढे काय झाले रे?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर सिनेमातच कुठेतरी पेरलेले असू द्या.