सातबारा नसलेल्या दुःखाचा पंचनामा कोण करणार?



दरवर्षी 19 मार्चला महाराष्ट्रात शेतकऱ्यांसाठी अन्नत्याग आंदोलन होते. 1986 साली याच दिवशी आपल्या जिल्ह्यातील चिलगव्हाणचे (ता. महागाव) साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले, असे आपण लिहितो, भाषणात सांगतो. त्यातला 'मुलांसह' हा शब्द जरा थांबून वाचा. त्या चार लेकरांनी आत्महत्या केली नव्हती. त्यांना कोणी विचारलेही नव्हते. तरी आजवर त्यांची मोजणी बापाच्या आत्महत्येतच होते. आपल्याकडे लहान मुलाचे दुःख वेगळे धरलेच जात नाही, ते मोठ्यांच्या दुःखात जमा केले जाते.

सरकारी कागदही हेच करतो. शेतकरी आत्महत्येनंतर एक लाखाची मदत मिळते. 30 हजार रोख, 70 हजार ठेव. त्यासाठी सातबारा, कर्ज आणि वसुलीचा तगादा तपासतात, मग प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. घरात चार वर्षांचे मूल आहे का, ते झोपते का, बोलते का, याचा विचार त्यात नाही. आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही, तो भूमिहीन मजूर तर या दारातच येत नाही. भूमिहीन कोण आहेत हे तुम्हाला सांगायला नको. 2017 मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. कीटकनाशकांवर, कंपन्यांवर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्या घरातला पंप उचलणारा गेला, त्या घरातल्या लेकराच्या मनावर कोणती चर्चा झाली?

कोणी म्हणेल, योजना आहेत ना! विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आला. 2022 पासून टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. मोठ्यांनी तो जरूर वापरावा. पण चार वर्षांचे पोरगे फोन लावून 'मला उदास वाटते' असे सांगणार आहे का? त्याचे दुःख वेगळ्या वाटेने बाहेर येते. ते पुन्हा अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, इतर मुलांना मारते किंवा गप्प होते. 'बाबा कधी येणार?' असे दहादा विचारते, कारण गेलेला माणूस परत येत नाही हे त्या वयात नीट कळत नाही. आपण त्रास दिला म्हणून बाबा गेले, असेही त्याला वाटू शकते. आणि आपण म्हणतो, "लहान आहे, त्याला काय समजते!"

यात जातही आहे. बाबासाहेबांना शाळेत बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, शिपाई नसला की पाणी मिळत नसे. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले, कारण अशी गोष्ट मूल विसरत नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क यांनी तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. अनेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हटली. वेगळ्या शाळा मुलांच्या मनात हीनपणा पेरतात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये मान्य केले. म्हणजे मुलाचे मानसिक आरोग्य हा केवळ डॉक्टरचा विषय नाही. तो समतेचा विषय आहे.

मग करायचे काय? मानसोपचारतज्ज्ञ झरी जामणीच्या पोडापर्यंत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. अंगणवाडी 1975 पासूनच्या योजनेतली आहे आणि सेविकेला प्रत्येक घर माहीत आहे. पण आपण तिच्याकडून वजन, आहार आणि मोबाइलवरची माहिती एवढेच मागतो. पगार नाही, मानधन देतो. त्यासाठीही तिला डिसेंबर 2023 मध्ये संपावर जावे लागले. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. मृत्यू शेतकऱ्याचा असो की मजुराचा, प्रकरण पात्र असो की अपात्र, घरातल्या सहा वर्षांखालील मुलाची नोंद झाली पाहिजे. प्रशिक्षित व्यक्तीने त्या घरी एकदा नव्हे, वर्षभर गेले पाहिजे. आणि हे काम सेविकेवर लादायचे असेल तर आधी तिला प्रशिक्षण आणि पूर्ण वेतन द्या.

आता एक प्रश्न आपल्यालाही. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका उभ्या राहिल्या, हे चळवळीचे यश आहे. पण अभ्यासिकेत बसणारे पोर वीस वर्षांचे असते. त्याचे मन त्याआधी पंधरा वर्षे घडत किंवा मोडत असते. 'शिका' हा आदेश पहिलीच्या वर्गापासून सुरू होत नाही. रविवारी वंदनेनंतर दोन तास विहार लहानग्यांना द्या. खेळ, गोष्टी, चित्रे एवढे पुरे. दर आठवड्याला तोच दादा, तीच ताई भेटली पाहिजे, कारण घर विस्कटलेल्या मुलाला रोजचा क्रम आणि ओळखीचे माणूस याचाच आधार असतो. त्याला खरे सांगा, सोप्या शब्दांत सांगा. "आता तूच घरचा कर्ता" हे वाक्य मात्र पाच वर्षांच्या मुलाला कधीच ऐकवू नका.

मैत्री आणि करुणा आपण पाठ म्हणतो. वस्तीतल्या सर्वांत लहान माणसापर्यंत ती पोहोचत नसेल, तर ती पाठांतरच राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!