विंडोज १०ची मुदत आणि आपल्या विद्यापीठांची झोप

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली. ही वार्ता कोणावर अचानक कोसळलेली नाही. जुलै २०१५ मध्ये ही प्रणाली आली तेव्हाच तिच्या आयुष्याची दहा वर्षांची मर्यादा जाहीर झाली होती. दहा वर्षे म्हणजे पहिलीत प्रवेश घेतलेले मूल दहावी उत्तीर्ण होण्याइतका काळ. एवढ्या अवधीत आपल्या किती विद्यापीठांनी या तारखेसाठी अंदाजपत्रकात एक ओळ राखून ठेवली, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या कुलसचिवांना विचारून पाहावा.

मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि खरा घात तेथेच आहे. यंत्र रोजच्यासारखे सुरू होते, म्हणून कोणाला घाई वाटत नाही. मात्र नव्याने सापडणारी भगदाडे आता बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक ओलीस धरले, त्यात आंध्र प्रदेश पोलिसांचेही संगणक होते. त्या त्रुटीवरची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांनी, आणि मुदत संपलेल्या प्रणाली वापरणाऱ्यांनी, किंमत मोजली. आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या संगणकांत विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, गुणपत्रके आणि बँक खाती आहेत, याचे तरी भान हवे.

हे मी दुरून लिहीत नाही. माझ्या पीएच.डी.च्या काळात आमच्या प्रयोगशाळेतील अतिशीत मोजमापांचे उपकरण विंडोज एक्सपीवर चालत असे. सुरक्षेसाठी तो संगणक जाळ्यापासून तोडला होता. परिणामी विदा पेनड्राइव्हवरून वाहून न्यावी लागे. विषाणू त्या पेनड्राइव्हवरूनच आला. अकरा दिवसांची मोजमापे गेली, आणि त्यांच्यासोबत महागड्या आयात द्रव हेलियमचा खर्चही. चौकशीत दोष ठरला तो पेनड्राइव्ह लावणाऱ्या विद्यार्थ्याचा. वर्षानुवर्षे प्रणाली न बदलणाऱ्या व्यवस्थेचे नाव अहवालात कोठेही नव्हते.

आज दोनच उत्तरे कानी येतात. पहिले: ‘चालतंय ना, मग चालू द्या.’ दुसरे: ‘सगळे भंगारात काढा, नवे घ्या.’ विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक अपात्र ठरतात. परंतु अपात्र म्हणजे निरुपयोगी नव्हे. यूडायस प्लसच्या २०२४-२५च्या अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांतच संगणकाची सोय आहे. ज्या देशात तिसऱ्या हिश्शाहून अधिक शाळांनी संगणक पाहिलेला नाही, तेथे चालते यंत्र फेकणे हा अविचार आहे.

तिसरा मार्ग केरळने दाखवून दिला आहे. तेथील सरकारी शाळा दीर्घकाळ मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत. २०१९ मध्ये सुमारे दोन लाख शालेय संगणकांसाठी लिनक्सवर आधारित नवी आवृत्ती आणली गेली. ‘शिक्षकांना जमणार नाही’ हा आक्षेप केरळच्या शिक्षकांनी केव्हाच खोडून काढला. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे पाठ मराठीतही आहेत. आणि लिनक्स ही गरिबांची तडजोड आहे असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, २०१७च्या अखेरीपासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक लिनक्सवर चालतो.

सर्वत्र लिनक्स चालेल असा माझा दावा नाही. वर्णपटमापीसारख्या अनेक उपकरणांचे नियंत्रण करणारी प्रणाली केवळ विंडोजवर चालते. अशा यंत्रांसाठी शैक्षणिक संस्थांना वाढीव सुरक्षा-अद्यतने तीन वर्षांपर्यंत मिळतात: प्रतियंत्र पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर. सात डॉलरांत मिळणारी ही मुदत आहे, मुक्ती नव्हे. २०२८ मध्ये तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेखाली शोधनियतकालिके वाचण्यासाठी केंद्राने तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले, याचे मी स्वागतच केले होते. पण दुसऱ्यांचे शोधनिबंध वाचण्याची सोय करणाऱ्या देशाने स्वतःची मोजमापे सुरक्षित राहतील एवढी तरी तजवीज करावी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक संस्थेने या सत्रातच आपल्या संगणकांची यादी करावी: कोणता नव्या प्रणालीस पात्र, कोणता लिनक्सवर नेता येईल, कोणता उपकरणाला जखडलेला. जखडलेल्या यंत्रांच्या चकतीची संपूर्ण प्रत घ्यावी आणि त्यांना स्वतंत्र, बंदिस्त जाळ्यात ठेवावे. उपकरण-खरेदीच्या निविदेत पुढील दहा वर्षे नव्या प्रणालीशी सुसंगत राहण्याची आणि विदा खुल्या स्वरूपात देण्याची अट असावी. अनुदान देणाऱ्या संस्थांनी उपकरणाबरोबर त्याच्या संगणकाच्या देखभालीचाही खर्च मान्य करावा.

यातील एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. लागते ती कॅलेंडरकडे पाहण्याची सवय. ती नसेल, तर पुढच्या अपघातानंतरही चौकशी समिती एखाद्या विद्यार्थ्याचा पेनड्राइव्हच शोधत बसेल.