वारा आणि पाणी यांचे खरे शास्त्र



पावसाळा ओसरला की आपल्या पेडणे-डिचोली भागात घरांची डागडुजी सुरू होते. अलीकडे या डागडुजीत एक नवाच खर्च शिरला आहे. म्हैस आटली, काजूचा मोहोर करपला, मुलाची नोकरी गेली की कोणीतरी शहाणा सांगतो, "तुमच्या घराचे दार चुकले आहे." मग दारासमोर आरसा लागतो, कपाटावर हसरा बुद्ध येतो, टेबलावर पाण्यात बांबूच्या काड्या उभ्या राहतात. काही घरांत तर चांगली भिंत फोडण्याची भाषा सुरू होते. याचे नाव फेंगशुई. त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे अगत्याचे वाटते.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. या चिनी विद्येचा एक प्राचीन ग्रंथ चौथ्या शतकातील ग्वो पू या विद्वानाच्या नावावर आहे, आणि तो घरांविषयी नसून कबरीच्या जागेविषयी आहे. पुढे घरांसाठी नियम ठरला तो असा : पाठीशी उत्तरेला डोंगर, तोंड दक्षिणेला, समोर पाणी. यात व्यवहारज्ञान होते. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेचा बोचरा वारा येतो, तो डोंगर अडवतो. थंडीतील ऊन दक्षिणेकडून मिळते. शेतकऱ्याने शेतकऱ्यासाठी काढलेला हा तोडगा होता, त्यास हसण्याचे कारण नाही.

परंतु आपला वारा आणि आपले पाणी निराळे आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्येकडून पाऊस येतो आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर कोसळतो. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेकडून, समुद्रावरून गार वारा येतो. आपल्या वाडवडिलांनी हे ओळखून जोते उंच घेतले, चिऱ्याच्या भिंती उभारल्या, उतरती कौले आणि पुढे आलेली पडवी केली. काही जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत. उजेड आत येतो, पण उन्हाची तिरीप अडते. कोणा सल्लागाराच्या सांगण्यावरून पश्चिमेची खिडकी बुजवली, तर मे महिन्यात घराची भट्टी होईल, दुसरे काही नाही.

आता त्या 'भाग्याच्या बांबू'चे पाहा. तो बांबूच नव्हे. ते आफ्रिकेतील ड्रासीना जातीचे झुडूप आहे. 2001 साली पाण्यात ठेवलेल्या अशाच रोपांबरोबर एडिस जातीचे डास जहाजाने अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पोहोचले होते. डेंग्यू पसरवणारा डास तो हाच, आणि आपल्याकडे त्याला आमंत्रणाची गरज नाही. स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत त्याची अंडी उडू लागतात. भाग्य आणण्यासाठी ठेवलेल्या भांड्यातून ताप यावा, याला काय म्हणावे? रोप हवेच असेल तर मातीत लावा.

डिचोली तालुक्यात 2018 साली थांबलेले खनिज उत्खनन 2024 साली पुन्हा सुरू झाले. खनिजाच्या रस्त्यालगत ज्यांची घरे आहेत त्यांना धुळीचा त्रास ठाऊक आहे. आरसा टांगून ट्रकची धूळ परत जात नाही. त्यासाठी कुंपणाला दाट झाडे हवीत आणि पंचायतीत एकजुटीने दिलेला अर्ज हवा.

श्रद्धेची बाजूही सांगितली पाहिजे. खुर्ची इकडची तिकडे ठेवण्यात पाप नाही. परंतु घराचे बरेवाईट एका मूर्तीवर किंवा दिशेवर सोपवणे ही भीतीची पूजा होय. 2003 साली व्हॅटिकनने 'नवयुग' विचारसरणीवर काढलेल्या पत्रकात फेंगशुईचा नाव घेऊन उल्लेख आहे तो याच कारणाने. या भीतीचा फटका बसतो तो दुबळ्याला. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला डॉक्टरकडे नेण्याऐवजी त्याचा पलंग फिरवला जातो; आणि दाराचा दोष सापडला नाही, तर नव्या सुनेच्या पायगुणावर बोट ठेवले जाते. यापेक्षा मोठे अशुभ कोणते?

घरावर चार पैसे खर्च करायचेच असतील तर ते असे करा. चुलीच्या खोलीला धूर जाण्यास वाट ठेवा; त्या धुराने बायकांची आणि मुलांची छाती बिघडते. अंधाऱ्या खोलीला खिडकी पाडा, कारण कोंदट, बिनउजेडाच्या खोलीत क्षयाचे जंतू टिकतात. विहिरीला कठडा बांधा, सांडपाण्याला शोषखड्डा खणा, आणि आठवड्यातून एक दिवस घरातली सर्व भांडी, टाक्या व कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करा.

प्रभू येशूने खडकावर बांधलेल्या घराची गोष्ट सांगितली, त्यातही पाऊस, पूर आणि वारा आहेच. त्या घराचे दार कोणत्या दिशेला होते हे प्रभूने सांगितले नाही. पाया कशावर होता, एवढेच सांगितले.