घर विकायला काढण्यापूर्वी

दिवाळीच्या दिवसांत घर घेण्याच्या गोष्टी शोभतात. विकण्याचा विषय काढला की वडीलधारी मंडळी डोळे वटारतात. तरी या खेपेस मी तोच विषय काढणार आहे. मुले परगावी, तिसऱ्या मजल्यावर म्हातारी माणसे आणि इमारतीला लिफ्ट नाही, असे चित्र दादर-गिरगावातच काय, पुण्याच्या पेठांतही दिसते. मग घर विकायचे ठरते आणि पहिला खर्च होतो तो रंगावर! रंग जरूर द्या, पण ओलीवर देऊ नका. घेणारा ती शोधतोच, आणि एकदा सापडली की तुमच्या पुढच्या बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही.

खरी ओल असते ती कपाटातल्या कागदांत. माझ्या परिचयाच्या एका बाईंचे यजमान वारले. सोसायटीत नॉमिनी म्हणून बाईंचे नाव होते, त्यामुळे घर आपलेच, अशी त्यांची समजूत. गिऱ्हाईक ठरले, इसार घेतला, त्या भरवशावर तळमजल्यावरची दुसरी जागाही बोलून ठेवली. घेणाऱ्याच्या वकिलाने एवढेच विचारले, "मुले किती?" दोन मुली, एक नाशिकला, एक कॅनडात. मृत्युपत्र नव्हते.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे अजून पुष्कळांना पटत नाही. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यात 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. हिंदू गृहस्थ मृत्युपत्राविना गेला, तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, सगळ्यांचा सारखा हिस्सा. लग्न झालेल्या मुलीचाही! तेव्हा दोघींच्या सह्या हव्यात, नाहीतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. कॅनडातून मुखत्यारपत्र येईपर्यंत महिने गेले. नाशिकची लेक सही द्यायला तयार होती, पण "आई, आधी विचारायचंस तरी," एवढे म्हणाली आणि गप्प बसली. घेणारा कंटाळून इसार परत घेऊन गेला. तळमजल्याची जागा हातची गेली ती गेलीच. बाई अजून तिसरा मजला चढतात.

किमतीचे म्हणाल तर 'थोडे चेकने, थोडे हातात' सांगणारा दलाल भेटतोच. त्याला दारातूनच निरोप द्यावा. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो. शिवाय दस्तात किंमत सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी दाखवली, तर कर सरकारी मूल्यावरच धरतात.

कराचा हिशेब विक्रीआधी करून घ्यावा. घर 2001 च्या एप्रिलपूर्वीचे असेल तर 1 एप्रिल 2001 चे मूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला हवा. घर 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेले असल्यास येथे राहणाऱ्या माणसाला महागाईचा फरक वजा न करता साडेबारा टक्के आणि तो वजा करून वीस टक्के, यांपैकी जो कर कमी होईल तो भरता येतो. नफ्यातून दोन वर्षांत दुसरे घर घेतले तर सूट आहे. मात्र विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत पैसे गुंतले नसतील, तर बँकेतल्या खास भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. घर पन्नास लाखांचे किंवा वरचे असेल तर घेणारा एक टक्का कापून सरकारात भरतो. त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

सोसायटीची हस्तांतर फी महानगरपालिकेच्या हद्दीत पंचवीस हजारांपेक्षा जास्त नाही. 'इमारत फंडाला स्वखुशीची देणगी' असे गोड नाव देऊन कोणी अधिक मागत असेल, तर ती खुशी कोणाची ते विचारायला हरकत नाही.

आणि चावी. घेणारा कितीही सज्जन असो, "मुहूर्त आहे, सामान आणून ठेवतो" म्हणाला तरी सगळी रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती तुमच्याच पदराला असू द्या. कलश ठेवायचा असेल तर दार आपण उघडावे, प्रसाद घ्यावा आणि कुलूप लावून घरी यावे.