दादा तिकडून कायले खेळला?

धान कापून झालं, मळणी आटोपली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. रात्रीच्या थंडीत मफलर गुंडाळून अर्धं गाव मैदानाभोवती बसतं. मीही बसतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावचा सगळ्यात चांगला चढाईपटू शेजारच्या गावाकडून उतरला आणि आम्ही हरलो. त्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात, चौथीत आहे. दुसऱ्या दिवशी पोरं त्याला ‘गद्दाराचा भाऊ’ म्हणू लागली. मधल्या सुट्टीत तो हळूच मला म्हणाला, “सर, दादा तिकडून कायले खेळला?”

त्यांनी पंधराशे रुपये दिले होते, म्हणून. पण एवढ्यावर त्याचं समाधान झालं नसतं. मग मी सगळ्या वर्गाला सिद्धार्थ देसाईची गोष्ट सांगितली.

सिद्धार्थ कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. 2018 मध्ये प्रो कबड्डीत ‘यू मुंबा’ने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच वर्षी पठ्ठ्याने चढाईत दोनशेहून जास्त गुण मिळवले! पुढच्या वर्षी लिलावात त्याच्यावर 1 कोटी 45 लाखांची बोली लागली, त्या वर्षीची सर्वांत मोठी. बोली होती ‘तेलुगू टायटन्स’ची, म्हणजे आपल्या सिरोंच्याहून नदी ओलांडली की पलीकडच्या मुलखाची.

“म्हणजे त्यानं मुंबईले सोडलं?” एकीने विचारलं.

तसं म्हणता येत नाही, बरं का. लिलावात संघ बोली लावतात. जास्त बोली ज्याची, खेळाडू त्याचा. बैलबाजारात बैलाला कुठे विचारतात, कोणाच्या घरी जातोस म्हणून? (उपमा बरी नाही, पण पोरांना लगेच कळली.)

आणि संघ तरी कुठे धरून ठेवतात? परदीप नरवालच्या चढायांच्या जोरावर पाटणा पायरेट्सने 2016 मध्ये दोनदा आणि 2017 मध्ये एकदा अशी ओळीने तीन विजेतेपदं जिंकली. तरी 2021 च्या लिलावाआधी पाटण्याने त्याला मोकळं केलं. उत्तर प्रदेशच्या संघाने 1 कोटी 65 लाखांना घेतलं. गंमत म्हणजे त्याच्याशिवायही पाटणा अंतिम सामन्यात पोचलं आणि एका गुणाने हरलं. परदीपला कोणी गद्दार म्हणालं नाही. पाटण्याच्या मालकांनाही नाही. मग आपण गावातल्याच पोराला का म्हणतो?

आता एक गणित. 2023 मध्ये एका संघाला खेळाडूंवर खर्च करायला 5 कोटी होते. त्यातले 2 कोटी 60 लाख 50 हजार तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर घातले. उरले किती? बाकीचा अख्खा संघ तेवढ्यात. संघ शेवटच्या नंबरावर राहिला.

संध्याकाळी मी त्या दादाला भेटायला गेलो. तो ट्रॅक्टर धूत होता. म्हणाला, “सर, मांगच्या वर्षी आपल्या गावाकडून खेळलो. गुडघा मुरगळला. तीन आठवडे कामावर जाता नाही आलं. औषधाचे पैसे घरूनच गेले. ढाल मंडळाच्या कपाटात आहे.”

ती ढाल गावात मिरवली तेव्हा मीही नाचलो होतो. गुडघ्याची चौकशी करायला मात्र गेलो नव्हतो. मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं. सगळे गप्प. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “पण सर, आपण हरलो तं वाईट तं वाटलंच नं!” वाटलंच. मलाही वाटलं. त्या रात्री घरी जेवण गेलं नाही.

यंदा मंडळात वर्गणीतून खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी थोडी रक्कम बाजूला काढायची चर्चा चालली आहे. पैसे किती, यावर दोन बैठका झाल्या, एकमत नाही. दादा कुठून खेळणार तेही ठरलेलं नाही. रोज संध्याकाळी तो बांधीत सराव करतो आणि धाकटा त्याचे बूट, पाण्याची बाटली आणि गुडघ्याची पट्टी पिशवीत घेऊन काठावर बसलेला असतो.